उपग्रहावरील धर्मसभा आणि दूरची मंडळी

अमेरिकेतील युटा राज्याची राजधानी सॉल्ट लेक सिटी येथे शनिवारी सकाळचे दहा वाजतात, तेव्हा भारतात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. वर्षातून दोनदा, एप्रिल व ऑक्टोबर महिन्यांच्या आरंभी, त्या घटकेला तेथील २१,००० आसनांच्या सभागृहात ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या, सामान्यतः मॉर्मन म्हणून ओळखल्या गेलेल्या, पंथाच्या सर्वसाधारण अधिवेशनास प्रारंभ होतो. सभागृह भव्य आहे. परंतु अधिवेशनाचा खरा श्रोतृवर्ग त्यात मावणारा नाही. तो पॅसिफिक महासागरातील बेटांवर, दक्षिण अमेरिकेत, आफ्रिकेत आणि अल्प प्रमाणात भारतातही विखुरलेला आहे. तंत्रज्ञानाने हे अंतर पुसून टाकले, असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु अंतर एका दिशेने पुसले गेले म्हणजे ते दुसऱ्या दिशेनेही पुसले जातेच काय? हा प्रश्न एका पंथापुरता नाही. केंद्रातून दूरवर बोलू इच्छिणाऱ्या प्रत्येक संस्थेचा तो प्रश्न आहे.

या पंथाचा इतिहास पाहता, त्याला प्रसारणाचे आकर्षण आरंभापासून वाटावे यात नवल नाही. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन झालेला आणि १८४७ मध्ये युटाच्या ओसाड खोऱ्यात जाऊन वसलेला हा समाज विखुरलेपणाचे दुःख जाणत होता. १९२४ मध्ये त्याचे अधिवेशन प्रथम नभोवाणीवरून ऐकवले गेले. १९४९ मध्ये ते दूरचित्रवाणीवर आले. ६ एप्रिल १९८० रोजी, स्थापनेच्या दीडशेव्या वर्षदिनी, मूळ स्थापनास्थान असलेले फेएट आणि सॉल्ट लेक सिटी ही दोन ठिकाणे उपग्रहाद्वारे जोडून एकच सभा भरवण्यात आली. पुढच्याच वर्षी निरनिराळ्या भागांतील मध्यवर्ती प्रार्थनागृहांवर उपग्रहाचे संदेश झेलणाऱ्या सुमारे ५०० तबकड्या बसवण्याची योजना जाहीर झाली. सुस्पष्ट चित्राचे, म्हणजे हाय डेफिनिशनचे, प्रसारण एकविसाव्या शतकात आले आणि उपग्रहाचे बरेचसे काम आता इंटरनेटने उचलले आहे.

शून्यवत खर्चाचे गणित

या व्यवहाराचे अर्थशास्त्र मोठे मनोज्ञ आहे. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असलेला भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्या जवळजवळ एक-तृतीयांश भागावर एकाच वेळी नजर ठेवतो. त्याच्याकडून येणारा संदेश एका तबकडीने झेलला काय किंवा दहा हजार तबकड्यांनी झेलला काय, प्रक्षेपणाचा खर्च तोच राहतो. एकाने घेतल्याने दुसऱ्याच्या वाट्यात तूट येत नाही. गावाला रस्ता करायचा तर प्रत्येक मैलाला पैसा लागतो. उपग्रहाला जवळचे आणि दूरचे गाव सारखेच. दूरस्थ मंडळीला तिच्या दूरपणाचा दंड न भरता केंद्राचा शब्द मिळावा, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. तिच्यात समतेचा एक अंश निश्चित आहे.

परंतु आकाशात जो खर्च वाचतो तो जमिनीवर पुन्हा भेटतो. तबकडी, ग्राहकयंत्र, पडदा, विजेची हमी आणि बिघाड दुरुस्त करणारा माणूस, हा सारा भार स्थानिक पातळीवरचा असतो. मुसळधार पावसात उच्च वारंवारतेचा संदेश क्षीण होतो, आणि पाऊस जेथे सर्वाधिक पडतो ती बेटे व ते प्रदेश बहुधा गरीब असतात. सुस्पष्ट चित्राने तर ही दरी रुंदावली. जुन्या अमेरिकी पद्धतीच्या अंकीय चित्रात सुमारे साडेतीन लाख बिंदू असत. पूर्ण हाय डेफिनिशन चित्रात ते वीस लाखांवर जातात. वक्त्याच्या चेहऱ्यावरील रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून दूरच्या मंडळीने आपली चालू असलेली यंत्रे मोडीत काढावीत काय? प्रवचनाचा आशय चित्रातील बिंदूंच्या संख्येने वाढत नाही. याउलट भाषेवर केलेला खर्च आशयाला थेट भिडतो. १९६० च्या दशकाच्या आरंभी या अधिवेशनाचे चार भाषांत तत्काळ भाषांतर होऊ लागले. आज ते नव्वदहून अधिक भाषांत उपलब्ध होते. श्रोत्याला चित्र अंधुक दिसले तरी चालते, पण शब्द परका असून चालत नाही.

एकाच आवाजाची बाजारपेठ

खरी अडचण याहून खोल आहे. शेर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने १९८१ साली असे दाखवून दिले की, एकच कलावंत जेव्हा तंत्राच्या साहाय्याने संपूर्ण बाजारपेठेला पुरा पडू शकतो, तेव्हा गुणांतील लहानसा फरकही प्राप्तीतील प्रचंड फरकाला कारण होतो. प्रथम श्रेणीचा गायक घरोघरी ऐकू येऊ लागला की गावच्या गायकाची बैठक ओस पडते. धर्मोपदेशही या नियमाला अपवाद नाही. पडद्यावरील कसलेल्या वक्त्यापुढे स्थानिक पाळकाचे अडखळते बोल कोणाला रुचणार?

अमेरिकेतील काही स्वतंत्र चर्चेसनी या मोहाला बळी पडून प्रत्येक रविवारी अनेक शाखांत एकाच उपदेशकाचे प्रवचन पडद्यावर दाखवण्याची प्रथा पाडली. सिॲटल येथील ‘मार्स हिल’ हे त्याचे बोलके उदाहरण होय. एका उपदेशकाच्या चित्रित प्रवचनांवर तिच्या शाखांचे जाळे उभे राहिले. नेतृत्वपद्धतीविषयीच्या वादानंतर त्या उपदेशकाने ऑक्टोबर २०१४ मध्ये राजीनामा दिला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस संपूर्ण संस्था विसर्जित करण्याचा निर्णय जाहीर झाला. शाखांनी स्वतंत्र व्हावे, दुसऱ्या चर्चमध्ये विलीन व्हावे किंवा बंद पडावे, एवढेच पर्याय उरले. एका खांबावर बांधलेला मांडव खांबाबरोबरच खाली येतो.

सॉल्ट लेक सिटीच्या अधिवेशनाची तुलना सरसकट याच्याशी करणे अन्यायाचे होईल. त्या पंथाच्या स्थानिक मंडळीत पगारी धर्मोपदेशक नाही. वर्षातील बहुतेक रविवारी तेथील सामान्य सभासद, शिक्षक, कारकून, गृहिणी, विद्यार्थी, स्वतः उभे राहून बोलतात. केंद्राचा आवाज वर्षातून काही तासच येतो. उरलेला काळ स्थानिक आवाजाचा असतो. हे प्रमाण महत्त्वाचे आहे. पडदा अन्नात मिठासारखा असेल तर रुची वाढते. मिठाचेच जेवण केले तर उपासमार होते.

रोमन कॅथलिक चर्चनेही एक सीमारेषा आखली आहे. व्हॅटिकनची नभोवाणी मार्कोनीच्या हस्ते १९३१ मध्ये उभी राहिली. १९५८ मध्ये बाराव्या पायसने संत क्लेअर हिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत ठरवले. नभोवाणी व दूरचित्रवाणीवरून मिळणारा पोपचा जाहीर आशीर्वाद ग्राह्य धरला जातो. परंतु पापनिवेदन वा ख्रिस्तप्रसाद यंत्राद्वारे देता येत नाही. २७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस रोमच्या निर्मनुष्य चौकात पावसात उभे राहिले आणि जगाने ते घरबसल्या पाहिले. ते दृश्य हृदयस्पर्शी होते. पण त्याची व्याकुळता चौक रिकामा असण्यातच होती. सॉल्ट लेक सिटीचे अधिवेशनही त्या एप्रिलमध्ये श्रोत्यांविना झाले. माणसे जमू शकत नाहीत तेव्हा प्रसारण आधार देते, एवढाच याचा अर्थ. जमण्याची गरज संपली, असा तो होत नाही.

परतीचा मार्ग

या प्रश्नावर भारताचा स्वतःचा अनुभव प्रकाश टाकू शकतो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ या प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून शिक्षण, शेती व आरोग्यविषयक कार्यक्रम पोहोचवण्यात आले. साध्या तारेच्या जाळीच्या तबकड्यांवर संदेश झेलले गेले आणि भारतीय तंत्रज्ञांनी ती यंत्रणा दुर्गम भागांत चालवून दाखवली. त्या यशाचे मोल मोठे आहे. पण उपग्रह अमेरिकेचा होता. ठरलेली मुदत संपली, उपग्रह परत नेण्यात आला आणि खेड्यांतील ते थेट प्रसारण थांबले. शिवाय खेड्यातील तबकडीला ऐकता येत होते, बोलता येत नव्हते. कळ ज्याच्या हाती, मुदत त्याची. आणि व्यासपीठ ज्याचे, विषयही त्याचाच.

दूरच्या मंडळीची स्थिती याहून फार वेगळी नाही. बंगळुरू येथे भारतातील पहिले मंदिर बांधण्याची घोषणा १ एप्रिल २०१८ रोजी सॉल्ट लेक सिटीच्या व्यासपीठावरून झाली, तेव्हा भारतात मध्यरात्र केव्हाच उलटून गेली होती. घोषणा आनंदाची होती. पण घड्याळ केंद्राचे होते. अनेक देशांतील मंडळ्या म्हणूनच हे अधिवेशन मागाहून, मुद्रित स्वरूपात पाहतात. त्यात हानी काहीच नाही. उपदेश म्हणजे क्रिकेटचा सामना नव्हे. चार दिवस उशिरा ऐकल्याने त्यातील सत्य शिळे होत नाही. मात्र मग थेट प्रसारणासाठी आणि झगझगीत चित्रासाठी होणाऱ्या खर्चाचा फेरविचार प्रामाणिकपणे व्हायला हवा.

अशा प्रसारणाचा निकष कोणता असावा? किती तबकड्या बसल्या आणि किती लोकांनी पाहिले, हा केंद्राच्या जमाखर्चातील आकडा झाला. दूरच्या मंडळीचे जमाखर्चाचे पान वेगळे असते. पडदा बंद झाल्यावर माणसे थांबून एकमेकांशी बोलली काय? आजारी सभासदाच्या घरी कोणी गेले काय? ऐकलेल्या शब्दावर शंका विचारायला, आणि तिचे उत्तर मिळायला, काही वाट आहे काय? ही उत्तरे होकारार्थी असतील तर उपग्रहावरचा पैसा सार्थकी लागला. नसतील तर सभेच्या ठिकाणी केवळ प्रेक्षागृह उभे राहिले, असे म्हणावे लागेल.

आजच्या दुहेरी संपर्कसाधनांनी परतीचा मार्गही स्वस्त केला आहे. म्हणून आता खर्च हे सबब म्हणून पुढे करता येणार नाही. केंद्राने वर्षातून दोनदा अवश्य बोलावे; पण एखाद्या वेळी दूरच्या बेटावरील लहानशा मंडळीने बोलावे आणि २१,००० आसनांच्या सभागृहाने ते शांतपणे ऐकावे. उपग्रहाला दोन्ही दिशा सारख्याच आहेत. प्रश्न ऐकण्याच्या तयारीचा आहे.