सवलतीची कुपने कोणाच्या पथ्यावर?

सोलापुरात एखादे नवे उपाहारगृह उघडले, की त्याची वार्ता अलीकडे दोन मार्गांनी घरात येते. सकाळच्या वर्तमानपत्राच्या घडीतून एक रंगीत पत्रक खाली पडते आणि त्याच्या कोपऱ्यात, तुटक रेषांच्या चौकटीत, 'हे कुपन आणणाऱ्यास बिलावर सूट' असे छापलेले असते; किंवा घरातील तरुण मंडळींच्या मोबाईलवर तोच मजकूर झळकतो. होटगी रस्ता, विजापूर रस्ता, सात रस्ता या भागांत खाण्याची ठिकाणे वाढली आहेत. त्यांपैकी काहींवर वर्षभरातच दुसऱ्याच नावाची पाटी लागलेलीही आपण पाहतो. कुपनामुळे लोक नव्या ठिकाणी खरोखर जातात काय, गेलेले पुन्हा जातात काय, आणि या सवलतीचा भार अखेर कोण सोसतो, हे प्रश्न वरवर किरकोळ वाटतील. परंतु कोणाची तरी निवृत्तीची पुंजी, कोणाचे तरी बँकेचे कर्ज आणि दहा-पंधरा आचारी-वाढप्यांची रोजी त्या पाटीमागे गुंतलेली असते. म्हणून त्यांचा शांतपणे विचार होणे इष्ट आहे.

चाखल्याशिवाय न कळणारी वस्तू

अर्थशास्त्रात वस्तूंचे एक उपयुक्त वर्गीकरण आहे. फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात, खरेदीपूर्वी पारखता येणाऱ्या वस्तू आणि उपभोगानंतरच कळणाऱ्या वस्तू असा भेद मांडला. आपल्या गावचे उदाहरण घ्यावयाचे तर सोलापुरी चादर ही पहिल्या प्रकारची वस्तू होय. ग्राहक ती उलगडून पाहतो, वीण बोटांनी चाचपतो, वजन अजमावतो आणि मगच भाव करतो. उपाहारगृहातील जेवण हे दुसऱ्या प्रकारात मोडते. भाजीला चव आहे की नुसता तेलाचा तवंग, हे पैसे देण्याचे ठरल्यावरच कळते. शेंगाचटणी विकणारा दुकानदार चिमूटभर चटणी तळहातावर ठेवून ही अडचण दूर करतो. उपाहारगृहवाल्याला तसे करता येत नाही.

येथे ग्राहकाच्या परिस्थितीचा विचार केला पाहिजे. ज्याचे उत्पन्न भरपूर आहे, त्याचे एक जेवण फसले तर तो हसून सोडून देतो. महिन्यातून एकदा सहकुटुंब बाहेर जेवावयास जाणाऱ्या कारकुनाचे किंवा शिक्षकाचे जेवण फसले तर त्याचा महिन्याचा एकुलता एक प्रसंग वाया जातो. त्यामुळे तो नव्या ठिकाणी जाण्याचे टाळतो आणि वर्षानुवर्षे ठरलेल्या खानावळीतच कडक भाकरी आणि शेंगाची आमटी मागवतो. लोक त्याला चाकोरीप्रिय म्हणतात. वस्तुतः तो जोखीम टाळीत असतो आणि त्याच्या दृष्टीने ते पूर्णपणे शहाणपणाचेच असते. सवलतीचे कुपन या जोखमीचा काही भाग मालकाच्या अंगावर टाकते. अशा कुटुंबाच्या बाबतीत ते एक प्रकारे विम्याचे काम करते. तेव्हा कुपनामुळे लोक नवे ठिकाण आजमावतात काय, या प्रश्नाचे पहिले उत्तर 'होय' असेच द्यावे लागते.

पहिली भेट आणि तिसरी भेट

खरी अडचण यापुढे आहे. अमेरिकेत शिकागो येथे 2008 साली 'ग्रुपॉन' ही कंपनी निघाली आणि निम्म्या किमतीची कुपने विकण्याचा धंदा पाहता पाहता जगभर पसरला. राइस विद्यापीठाचे प्राध्यापक उत्पल ढोलकिया यांनी कुपने देणाऱ्या व्यावसायिकांच्याच पाहण्या केल्या. 2010 च्या पाहणीत दीडशे व्यावसायिक होते. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांना योजना किफायतशीर ठरली, तर 32 टक्क्यांना ती आतबट्ट्याची झाली. सेवाव्यवसायांत सर्वांत वाईट अनुभव आला तो उपाहारगृहांना. 2011 साली त्यांनी 324 व्यावसायिकांची आणखी एक पाहणी केली. कुपन घेऊन येणाऱ्यांत जवळजवळ 80 टक्के ग्राहक नवे होते. परंतु पूर्ण किमतीला खरेदी करण्यास परत आलेले मात्र 20 टक्क्यांच्या आसपासच भरले. हे आकडे अमेरिकेचे आणि निरनिराळ्या व्यवसायांचे आहेत, ते सोलापूरला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीपण त्यांवरून हिशेबाची दिशा कळते.

हा हिशेब आपण एका कल्पित थाळीवर करून पाहू. थाळीची किंमत 200 रुपये आणि तिच्यातील शिधा व इंधन यांचा खर्च 80 रुपये धरू. उरलेल्या 120 रुपयांतून भाडे, पगार, व्याज आणि नफा भागवावयाचा असतो. मालकाने स्वतःच निम्म्या किमतीचे कुपन काढले तर त्याच्या हाती 100 रुपये येतात आणि खर्च वजा जाता 20 उरतात. नवा ग्राहक आला तर ते 20 रुपये मिळकत होत. परंतु एरवी पूर्ण पैसे देणारा नेहमीचा ग्राहक तेच कुपन घेऊन आला, तर 100 रुपये बुडाले. एका जुन्या ग्राहकाचे नुकसान भरून काढण्यास पाच नवे ग्राहक हवेत.

आता यात मध्यस्थ कंपनी आली आणि ग्रुपॉनच्या प्रचलित पद्धतीप्रमाणे कुपनाच्या पैशांपैकी निम्मे तिने घेतले, असे समजू. मालकाच्या हाती 50 रुपये येतील आणि प्रत्येक थाळीमागे पदरचे 30 रुपये जातील. पाच कुपनांत चार ग्राहक नवे व एक जुना असेल, तर चौघांमागे 120 रुपयांची तूट येईल. जुना ग्राहक एरवी 120 रुपये देऊन गेला असता, आता तो 30 रुपये घेऊन जातो. म्हणजे तेथे 150 रुपयांचा फरक पडतो. एकूण खड्डा 270 रुपयांचा झाला. नव्यांपैकी एकजण पूर्ण किमतीला परत आला तर दर भेटीस 120 रुपये भरून येतील. म्हणजे खड्डा बुजण्यास त्याने तीनदा यावयास हवे. मालकाचे नशीब कुपनावरील पहिल्या भेटीत ठरत नाही; ते या एका माणसाच्या पूर्ण पैसे मोजून दिलेल्या तिसऱ्या भेटीत ठरते.

आणि ती तिसरी भेट कुपनाच्या हाती नसते. माझाच अनुभव सांगतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही असेच एक कुपन घेऊन नव्या उपाहारगृहात गेलो. जेवण चांगले होते, वाढपही अगत्याची होती. पुढे पाहुणे आले तेव्हा त्या ठिकाणाचे नाव निघाले. पण मागच्या वेळी निम्म्यात जेवलो, आता दुप्पट कशाला द्यावयाचे, असा विचार सर्वांच्याच मनात आला आणि आम्ही जुन्या खानावळीकडे वळलो. ते दर वस्तुतः वाजवी होते. परंतु सवलतीची किंमत हीच आमच्या मनात खरी किंमत होऊन बसली होती. एकदा उतरवलेला भाव ग्राहकाच्या मनात पुन्हा चढविणे हे फार कष्टाचे काम आहे.

त्यातच आणखी एक गोष्ट घडते. बोस्टन आणि हार्वर्ड विद्यापीठांतील संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की सवलतीचा उल्लेख करणाऱ्या ग्राहकांनी दिलेले गुण इतरांच्या मानाने सरासरी दहा टक्के कमी होते. स्वस्ताईसाठी आलेली गर्दी, त्या गर्दीने दमलेले स्वयंपाकघर आणि मूळ आवडच निराळी असलेला ग्राहक, अशी त्याची कारणे संभवतात. नाव व्हावे म्हणून केलेला खर्च क्वचित नाव घालविण्यासही कारण होतो.

जुने कुपन आणि नवे कुपन

कुपन आपल्याला नवे नाही. विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये महिन्याची कुपने एकरकमी घेतली की सुट्या जेवणापेक्षा स्वस्त पडत. गावी गेल्यास 'खाडा' धरला जाई. नवा विद्यार्थी आला तर एक वेळ जेवून पाहा आणि मग महिना भरा, असे मालकीणबाई स्वतःच सुचवीत. या साध्या व्यवस्थेत किती शहाणपण होते पाहा. जोखीम एका जेवणापुरती होती आणि सवलत मात्र टिकून राहणाऱ्याला होती. आजच्या कुपनाने हा क्रम उलटा केला आहे. जो पहिल्यांदा येतो त्याला निम्मे दर आणि जो दहा वर्षे नेमाने येतो त्याला पूर्ण दर. निष्ठेला दंड आणि भटकेपणाला बक्षीस, अशी ही रचना असेल तर ग्राहक भटका झाल्याचा दोष ग्राहकाला कसा द्यावा?

ग्रुपॉनने 2011 साली भारतात पाऊल टाकले. सप्टेंबर 2013 मध्ये कांद्याचे भाव भडकले असताना या कंपनीने नऊ रुपये किलोने कांदा देऊ केला आणि मागणीच्या लोंढ्यापुढे तिचे संकेतस्थळच कोलमडले. ज्या शहराच्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, त्या शहराला याचे मर्म समजावून सांगावयास नको. नऊ रुपयांना कांदा घेण्यास आलेला माणूस कांद्यासाठी आला होता, कंपनीसाठी नव्हे. 2015 साली ग्रुपॉनचा भारतातील व्यवसाय वेगळ्या नावाने चालू लागला.

सर्वांनीच सूट दिली तर

एका उपाहारगृहाने कुपन काढले तर शेजाऱ्याचे ग्राहक त्याच्याकडे येतात. शेजारी मग गप्प बसत नाही. रस्त्यावरील सर्वांनी कुपने काढली की ग्राहकांची वाटणी पूर्वीसारखीच राहते आणि प्रत्येकाचा नफा तेवढा कमी होतो. परंतु एकट्याने माघार घेण्याचे धैर्य कोणालाच होत नाही.

मोठ्या शहरांत हे प्रत्यक्ष घडले आहे. झोमॅटो कंपनीने नोव्हेंबर 2017 मध्ये 'गोल्ड' नावाची योजना आणली. वार्षिक वर्गणी भरणाऱ्या सभासदास एका पदार्थावर दुसरा फुकट मिळे. वर्गणी कंपनीच्या तिजोरीत जाई आणि दुसऱ्या पदार्थाचा खर्च उपाहारगृहाच्या माथी येई. प्रारंभी निवडक ठिकाणांपुरती असलेली ही योजना फैलावत गेली. अखेर ऑगस्ट 2019 मध्ये गुरुग्रामच्या शेकडो उपाहारगृहांनी अशा सवलत-योजनांतून एकाच वेळी अंग काढून घेतले आणि नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशनच्या पाठिंब्याने ही चळवळ मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचली. कंपनीला वापरावर मर्यादा घालाव्या लागल्या आणि 2020 मध्ये त्या योजनेची जागा दुसऱ्या योजनेने घेतली. एकट्या मालकाला जे शक्य नव्हते, ते सर्व एकत्र आल्यावर शक्य झाले, हा यातील बोध होय.

भार कोणावर?

सवलत आकाशातून पडत नाही. राज्य शासनाने 26 जानेवारी 2020 रोजी दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू केली. शहरांत थाळीचा दर 50 रुपये धरून वरचे 40 रुपये केंद्रचालकास सरकारने द्यावयाचे, असे त्या वेळी ठरले. भार कोण उचलतो हे तेथे उघड लिहिलेले होते. खाजगी कुपनाच्या बाबतीत ते लिहिलेले नसते. मालक प्रथम स्वतःच्या नफ्यातून देतो. ते अशक्य झाले की दरपत्रकातील आकडे वाढवून मग त्यांवर सूट जाहीर करतो. तेव्हा तो भार कुपन न वापरणाऱ्यावर, म्हणजे बहुधा मोबाईलच्या खटाटोपात न पडणाऱ्या वयस्क ग्राहकावर जातो. तेही न साधले तर वाटीतील भाजी कमी होते किंवा वाढप्याचा पगार थकतो. ज्याने कुपन कधी पाहिलेही नाही, अशा आचाऱ्याच्या घरी त्याची किंमत चुकती होते.

यावरून कुपने वाईटच, असा निष्कर्ष काढणे एकांगी होईल. ज्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही, ज्याचे टेबल दुपारी तीन ते सहा रिकामे राहते आणि ज्याच्या पदार्थांत खरोखर गुण आहे, अशा नव्या मालकाला जाहिरातीपेक्षा कुपन स्वस्त पडू शकते. मात्र त्याने ते मोजकेच काढावे, गर्दीच्या वेळी चालवू नये, आणि सवलत पूर्ण बिलावर देण्याऐवजी आपल्या उत्तम पदार्थाच्या अर्ध्या थाळीवर द्यावी. चटणी तळहातावर ठेवण्याचीच ती रीत आहे. आणि दुसरे कुपन पहिल्या भेटीच्या वेळी हाती न देता पाचव्या भेटीला द्यावे. सोलापूर मुंबईएवढे अफाट नाही. येथे कचेरीतील मधल्या सुटीत आणि शाळेच्या शिक्षकखोलीत 'तिथली आमटी चांगली असते' हे एक वाक्य आठवडाभरात गावभर फिरते. असे वाक्य कोणत्याही सवलतीने विकत घेता येत नाही.

ग्राहकानेही थोडी जाण ठेवावी. बिलात सूट दाखविली असेल तर कर सूट वजा जाता उरलेल्या रकमेवरच लावला आहे ना, हे जरूर तपासावे. तो आपला हक्क आहे. परंतु कुपनावर जेवून तृप्त झालो असू, तर एकदा तरी पूर्ण पैसे देऊन तेथे पुन्हा जावे. न आवडले तर जाऊ नये. मालकालाही त्यातून योग्य तो निरोप मिळेल. चांगले ठिकाण टिकावे असे वाटत असेल, तर ते टिकविण्याचा खर्च कोणाला तरी सोसावाच लागतो. तो आपण न सोसल्यास पुढच्या वर्षी त्या जागी नवी पाटी लागेल आणि वर्तमानपत्राच्या घडीतून आणखी एक कुपन खाली पडेल.