खिळ्याला टांगलेला बिल्ला

आमची भाची जिल्ह्यातल्या एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढते. रमजानच्या तोंडावर ती माहेरी आली ती खुशखबर घेऊनच. तिसरा महिना चालू होता. मिठाई वाटून झाली, अम्मी झोपायला गेल्या, आणि मग तिने हळूच विषय काढला. "मामू, मागचे तीन महिने मी किरणांचा बिल्ला लावलाच नाही. खोलीतल्या खिळ्याला टांगून ठेवला होता. आता रिपोर्टात मोठा आकडा आलाय. तो माझा की खिळ्याचा?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. ती शिशाच्या पडद्यामागे उभी राहायची आणि बिल्ला टांगलेला होता पडद्याच्या अलीकडे, मशीनच्या बाजूला. म्हणजे आकडा बहुधा खिळ्याचाच. पण पोटात बाळ असताना 'बहुधा' या शब्दावर झोप लागत नाही.

हा बिल्ला म्हणजे टीएलडी. त्यात कॅल्शियम सल्फेट आणि थोडं डिस्प्रोशियम मिसळलेल्या तीन पांढऱ्या चकत्या असतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने आपल्या देशात रुळवलेली ही पद्धत. किरणं पडली की त्यांची थोडी ऊर्जा चकतीत अडकून बसते. तीन महिन्यांनी बिल्ला प्रयोगशाळेत जातो, तिथे चकती तापवतात, अडकलेली ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते, आणि त्या उजेडावरून डोस काढतात. मोजमाप भरवशाचं आहे. पण बिल्ला फक्त एकूण बेरीज सांगतो. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणाच्या अंगावर, हे त्याला विचारता येत नाही.

आपल्याकडे किरणांजवळ काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. बाईने गरोदर असल्याचं कळवलं की उरलेल्या दिवसांत पोटातल्या बाळाला मिळून १ मिलिसीव्हर्टच्या वर जायला नको. म्हणून कळवायला उशीर करू नये. भाचीने मात्र नोकरी जाईल या भीतीने दोन महिने तोंड मिटून काढले होते.

जे तिथल्या तिथे डोळ्यांना दिसेल असं काही नाही का, हा तिचा पुढचा प्रश्न. आहे, आणि समजायला सोपं आहे.

इफ्तारच्या दस्तरखानावरचा फालुदा आठवा. त्यात सब्जा कसा जागच्या जागी लटकून असतो? तसंच एका छोट्या काचेच्या नळीत घट्ट जेली भरायची आणि तिच्यात एका खास द्रवाचे बारीक थेंब लटकवायचे. हा द्रव म्हणजे पूर्वी फ्रिजमध्ये भरायचे तो आर-१२ वायू, थंड करून किंवा दाबून द्रव केलेला. तो उणे ३० अंशांच्या आसपासच उकळतो. म्हणजे आपल्या खोलीत त्याची केव्हाच वाफ व्हायला हवी. पण उकळी फुटायला कुठेतरी सुरुवात लागते, भांड्याचा ओरखडा, धुळीचा कण. चहूबाजूंनी मऊ जेली असल्यामुळे ती सुरुवात मिळत नाही, आणि थेंब उकळायच्या कितीतरी पुढे जाऊनही द्रवच राहतो. याला अतितप्त थेंब म्हणतात. किरणाने थेंबात नेमक्या जागी पुरेशी ऊर्जा टाकली की तो टचकन फुटून बुडबुडा होतो. बुडबुडे मोजा, डोसाचा अंदाज घ्या. वीज लागत नाही. अमेरिकेत येल विद्यापीठाचे रॉबर्ट अॅपफेल यांनी १९७९ मध्ये ही युक्ती पुढे आणली.

न्यूट्रॉनसाठी ती लगेच चालली. गॅमा किरणांनी मात्र दमवलं. गॅमा किरण स्वतः थेंब फोडत नाही, तो एखाद्या इलेक्ट्रॉनला धक्का देतो आणि इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा वाटेवर विरळ सांडत जातो. एवढ्याशा उर्जेने फुटायचं तर थेंब आणखी तापलेला हवा. गोंदिया जंक्शनवरून एका बाजूची गाडी मुंबईला जाते आणि दुसऱ्या बाजूची हावड्याला. त्या दुसऱ्या टोकाला, कोलकात्याच्या साहा आणि बोस संस्थांमध्ये, संशोधकांनी याच थेंबांवर बरंच काम केलं आहे. आर-१२ चे थेंब साधारण चाळीस अंशांच्या आसपास पोहोचले की गॅमालाही फुटू लागतात. त्याहून कमी तापमानाला उकळणारा आर-११५ घेतला तर खोलीच्या तापमानालाच काम होतं.

हे ऐकून भाची हसली. "म्हणजे आपल्या मे महिन्यात नळी आपोआप गॅमा मोजायला लागेल!"

खरंच आहे ते. जानेवारीत गॅमाला गप्प बसणारी नळी आपल्याकडच्या ४५ अंशांच्या दुपारी बोलायला लागेल, आणि पारा त्याहून फार चढला तर किरण नसतानाही थेंब फुटतील. म्हणून अशा उपकरणात तापमान सांभाळायची किंवा त्याचा हिशोब करायची सोय लागते. शिवाय आर-१२ ओझोनच्या थराला मारक. २०१० पासून आपल्या देशात त्याचं उत्पादन बंद आहे, त्यामुळे आता दुसरे द्रव शोधावे लागतात. एक्स-रे हे गॅमाचेच भाईबंद, तरीही दवाखान्यात हिशोब अजून बिल्ल्याचाच धरला जातो, आणि आमच्या मते ते बरोबर आहे. पण गरोदर बाईच्या खिशात बिल्ल्यासोबत अशी एखादी नळी असती, तर त्या रात्री आम्हाला 'बहुधा' म्हणावं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्याला अर्ज दिला. गरोदर असल्याचं लिहिलं, आणि बिल्ला कुठे टांगला होता तेही. दुसरी ओळ लिहिताना तिचा हात बराच वेळ थांबला होता. तिने किती फिल्म काढल्या आणि ती कुठे उभी होती, यावरून आता वेगळा हिशोब मांडायला घेतला आहे. तो यायचा आहे. तोवर तिला नोंदणीच्या टेबलावर बसवलंय. तिच्या जागी आलेल्या पोराला तिने पहिल्याच दिवशी बिल्ला शिशाच्या एप्रनच्या आत, छातीवर लावायला लावला, आणि भिंतीतला तो खिळा उपटून टाकला.