अठरापगड फोन

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या शाळेतल्या एका मुलाचे वडील माझ्याकडे आले. शेतमजुरी करून संसार रेटणारा माणूस. खिशात जपून आणलेले बारा हजार रुपये आणि हातात दुकानदाराने दिलेला रंगीत कागद. म्हणाले, “गुरुजी, पोराच्या अभ्यासाला फोन घ्यायचाय. यातला कोणता घेऊ, तेवढं सांगा.”

मी चष्मा पुसून कागद वाचला. त्यावर एकाच कंपनीचे अकरा फोन होते! किमती पाचपाचशे रुपयांच्या पायरीने चढत गेलेल्या आणि नावांत फरक एखाद्या अक्षराचा. बावीस वर्षे मी मुलांना उताऱ्याचा अर्थ लावायला शिकवीत आलो आहे. पण त्या उताऱ्याचा अर्थ मला लागेना. त्या भल्या माणसासमोर मला लाज वाटली. ती लाज वास्तविक माझी नव्हे, हे कळायला वर्ष गेले. जिची तिला परत करावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

कोणी म्हणेल, “अहो गुरुजी, साडीच्या दुकानात शंभर साड्या पसरलेल्या तुम्हांला चालतात, मग फोनांनीच काय घोडे मारले?” चालतात, कारण साडीचा पोत बोटांना कळतो, रंग डोळ्यांना दिसतो. आमच्या मातोश्री दुकानदाराला दोन मिनिटांत गप्प करतात. फोनाचा गुण मात्र काचेआड झाकलेला. जिथे पारख करता येत नाही, तिथे शंभर नग मांडणे ही निवड नव्हे. ती भुलवणूक आहे.

मासलाच पाहा. २०२३ साली सॅमसंगने भारतात गॅलेक्सी एफ१४ आणि गॅलेक्सी एम१४ असे दोन फोन महिन्याभराच्या अंतराने आणले. दोघांचा पडदा ६.६ इंचांचा, बॅटरी तेवढ्याच ताकदीची, आतला मेंदूही एकच. मागच्या बाजूला एक चिमुकला कॅमेरा कमी-अधिक, इतकाच काय तो भेद. मग दोन नावे कशाला? एक फ्लिपकार्टवर विकायचा होता आणि दुसरा अ‍ॅमेझॉनवर! दोन पेढ्यांवर एकाच वस्तूचा भाव ताडून पाहण्याची गिऱ्हाइकाची जुनी सोय अशी एका अक्षराने नाहीशी होते. याच कंपनीने २०१४ साली आपण पुढील वर्षी मॉडेले पाव हिश्श्याहून अधिक कमी करणार, असे सांगितले होते!

स्टीव्ह जॉब्ज १९९७ साली अ‍ॅपलमध्ये परतले, तेव्हा त्यांनी फळ्यावर चार घरांचा चौकोन आखला. घरगुती आणि व्यावसायिक. टेबलावरचा आणि सोबत नेण्याचा. चार घरांत चार संगणक, बाकीचे बाद. बुडू लागलेली ती कंपनी तरली. २००७ साली तिने पहिला आयफोन आणला, तो एकच. त्याच कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये एका दिवशी चार आयफोन जाहीर केले. आणि फेब्रुवारीत एक येऊन गेला होता, तो निराळाच. फळा पुसला गेला म्हणायचा!

या पायऱ्यांतले इंगित आपल्या बाजारात बसलेला पोरगासुद्धा जाणतो. “साहेब, आणखी हजार टाका, याच्यापुढचा येतो.” त्याच्यापुढे आणखी हजार. जिना असा बांधलेला की, कुठल्याही पायरीवर उभे राहिले तरी आपण चुकलो असेच वाटावे. आणि वस्तू पुढे वाईट निघाली, तर दोष कुणाचा? निवड तुमचीच होती ना!

त्या गृहस्थांनी अखेर मधलाच एक फोन घेतला. दहा महिन्यांत पडदा फुटला. दुरुस्तीवाला म्हणाला, “या मॉडेलचा डिस्प्ले येत नाही. त्याच्या भावाचा येतो, पण तो याला बसत नाही.” बारा हजारांची काच आता फळीवर पडून आहे आणि पोरगा शेजाऱ्याच्या फोनावरून अभ्यास उतरवून घेतो.

युरोपीय संघाने यावर उपाय काढला आहे. २० जून २०२५ पासून तिथे बाजारात येणाऱ्या प्रत्येक मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षे त्याचे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, असा कायदा आहे. म्हणजे प्रत्येक नवे अक्षर ही सात वर्षांची जबाबदारी! असे ओझे खांद्यावर आले की, बारशांचा उत्साह आपोआप ओसरेल. आपल्याकडेही असाच कायदा हवा. शेतमजुराच्या बारा हजारांना त्याची गरज युरोपातल्या श्रीमंतांपेक्षा अधिक आहे.

तोवर, वाचकहो, यंदा फोन घ्यायला जाल तेव्हा कॅमेरे मोजू नका. दुकानदाराला एवढेच विचारा, “याचा पडदा तीन वर्षांनी मिळेल का?” तो गप्प बसला, तर पैसे खिशातच राहू द्या. त्या दिवशी तो कागद हातात घेऊन मी हेच सांगायला हवे होते.