खेळ कोणाचा थांबतो?

भाईंदर पश्चिमेच्या आमच्या बैठकीत परवा प्रश्न आला : नवरा खेळाडू असेल आणि बायकोने कोर्टातून संरक्षण आदेश आणला, तर त्याचं करिअर बुडेल ना? मला नवल वाटलं नाही. मारणाऱ्याच्या पोटापाण्याची काळजी वाहायलाही आपल्यालाच शिकवलेलं असतं.

२००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम १८ वाचा. हिंसा करू नको, तिच्याशी संपर्क साधू नको, ती काम करते तिथे जाऊ नको, असं दंडाधिकारी बजावू शकतात. खेळू नको, असं त्यात कुठेही नाही. ती त्याच क्लबात कोच असेल, तर मात्र दूर राहायचं ते त्याने. नोकरी तिने सोडायची नाही. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

लिअँडर पेस यांच्याविरुद्ध रिया पिल्लै २०१४ मध्ये मुंबईच्या कोर्टात गेल्या. प्रकरण चालू असतानाच २०१५ मध्ये पेस यांनी मार्टिना हिंगिससोबत मिश्र दुहेरीची तीन ग्रँड स्लॅम विजेतेपदं मिळवली. हिंसा झाल्याचा दंडाधिकाऱ्यांचा निकाल आला फेब्रुवारी २०२२ मध्ये. साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा सांगतो. इथे जवळपास आठ वर्षं गेली. त्यांचा खेळ थांबला नाही. थांबावं लागलं ते बाईला.

तेव्हा मैत्रिणींनो, त्याच्या सामन्याचं काय होईल, हे त्याच्या वकिलाला विचारू द्या. आपण विचारू या, कलम २३ खाली अंतरिम आदेश आजच कसा मागायचा.