कुत्र्याचं रक्त आणि आपलं इंजिनिअरिंग

फायनल इयरच्या प्रोजेक्टला "कुत्र्याच्या रक्ताची तपासणी" असा विषय कुणी सुचवला, तर आपल्या कॉलेजात आधी हशा पिकेल. पिकू दे. हसून झालं की पुढचं वाचा.

मेसच्या मागे बसणाऱ्या कुत्र्यांच्या कानात गोचिड्या सगळ्यांनी पाहिल्या असतील. गोचीड नुसती रक्त पीत नाही, बॅबेसिया नावाचा परजीवीही अंगात सोडू शकते. तो तांबड्या पेशीत घुसतो, तिथेच वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. मग ताप, पांढुरक्या हिरड्या, गडद लघवी. यातली बॅबेसिया गिब्सनी ही जात पॅटन यांनी १९१० साली नोंदवली ती मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत, म्हणजे दुखणं आपल्या घरचंच.

तपासणी काय? काचेवर रक्ताचा थेंब पसरायचा, रंगवायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचा. स्वस्त आणि मस्त. पण जुनाट आजारात परजीवी इतके थोडे असतात की स्लाइडवर सापडतच नाहीत. पीसीआर केलं तर ते पकडले जातात, मात्र त्यावरून किडनीचं किती नुकसान झालंय हे कळत नाही. डॉक्टरला तर नेमकं तेच हवं असतं.

इथे त्या सूक्ष्म पिशव्या येतात. आपल्या पेशी ३० ते १५० नॅनोमीटरच्या पिशव्या रक्तात सोडत असतात. १९८३ मध्ये मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशींत त्या दिसल्या तेव्हा, पेशी नको असलेला माल बाहेर टाकते एवढंच वाटलं होतं. पण कचऱ्याच्या डब्यावरून घरात काय शिजलं ते कळतं, तसंच हे. पिशवीतल्या प्रथिनांवरून आणि आरएनएवरून ती कुठल्या पेशीतून आली, तिथे काय चाललंय, याचा माग काढता येतो. क्रोएशियात झाग्रेबच्या पशुवैद्यकांनी बॅबेसिया झालेल्या कुत्र्यांच्या रक्तात या दिशेने काम केलं आहे.

पण लगेच "क्रांती" वगैरे म्हणू नका. माझं म्हणणं असं की, घोडं अडलंय ते जीवशास्त्रापेक्षा आपल्या प्रांतात. या पिशव्या वेगळ्या काढायच्या कशा? नेहमीची पद्धत म्हणजे गुरुत्वाच्या सुमारे १,००,००० पट जोराने घुसळणारं सेंट्रिफ्यूज. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात ते कुठून येणार? त्यात रक्तातले चरबीचे काही कण त्याच मापाचे, आणि संख्येने कितीतरी जास्त. शिवाय नळीत रक्त ताटकळलं किंवा रिक्षात हिंदकळलं की प्लेटलेट्स आणखी पिशव्या सोडतात. म्हणजे तुम्ही आजार मोजताय की रस्त्यावरचे खड्डे, हाच प्रश्न! आणखी एक गोम आहे. रक्तक्षय झाला की शरीर नव्या, कच्च्या तांबड्या पेशी रक्तात ढकलतं, आणि त्याही पिशव्या टाकतात. म्हणून नुसती संख्या वाढली यावरून बॅबेसिया ठरत नाही, आतला माल बघावाच लागतो.

आता सांगा, फिल्टर, मायक्रोफ्लुइडिक चॅनल, पंप, सेन्सर, सिग्नलमधला नॉइज... यातलं आपल्या सिलॅबसबाहेरचं काय आहे? मेकॅनिकल, केमिकल, ईएनटीसी सगळ्यांना पुरेल एवढं काम आहे, आणि आपण दरवर्षी तोच लाइन फॉलोअर रोबो करतो, तोही बऱ्याचदा आयता आणलेल्या किटवर.

एक अट मात्र हवी. मेसमागचं कुत्रं धरून कुणी सुई टोचायची नाही. परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय कॉलेज आहे, शिरवळलाही आहे. तिथे उपचारासाठी काढलेल्या रक्तातलं उरलेलं, मालकाला विचारून, मिळू शकेल. त्यासाठी एक रीतसर पत्र लागेल आणि त्यावर आपल्या एचओडी सरांची सही. विषयांची यादी नोटीस बोर्डावर लागायच्या आत ते पत्र गेलं पाहिजे.