गर्भिणीच्या रक्तातील कोलेस्टेरॉल

कोलेस्टेरॉल हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. पण पोहोचला तो भीती घेऊनच. सातव्या महिन्यातील स्त्रीच्या रक्ततपासणीत २०० मिलिग्रॅमच्या मर्यादेपुढे २६० हा आकडा दिसला, की तिचे दूध-तूप तोडण्याची भाषा सुरू होते. ही घाई अनाठायी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गर्भारपणाच्या उत्तरार्धात मातेच्या रक्तातील कोलेस्टेरॉल सुमारे २५ ते ५० टक्क्यांनी वाढते. ट्रायग्लिसराइडे तर दुप्पट-तिप्पट होतात. ही निसर्गाची तजवीज होय. गर्भ टिकवून धरणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वार तयार करते, ते मातेच्या कोलेस्टेरॉलपासूनच. जड हायड्रोजनाची खूण केलेले कोलेस्टेरॉल गर्भवतीस दिले असता तीच खूण तिच्या मूत्रातील प्रेग्नेनडायॉल या प्रोजेस्टेरॉनच्या अवशेषात उतरते, हे कॉनराड ब्लॉक यांनी १९४५ साली दाखविले. तपासणीच्या कागदावर छापलेली मर्यादा मात्र बहुधा गरोदर नसलेल्या माणसांची असते. ‘वाढलेले’ आणि ‘विकृत’ हे दोन शब्द भाषांतरात अदलाबदल करून चालत नाहीत. येथे तर मुळीच नाही.

खरी काळजी वेगळ्याच स्त्रियांची करावयास हवी. सुमारे २५० माणसांत एकाला हा दोष वारशाने मिळतो. रक्तातील कोलेस्टेरॉल उचलून घेण्याची यकृताची शक्ती जन्मतःच उणी असते, आणि गर्भारपणात मूळच्या वाढीत आणखी भर पडते. वडिलांना किंवा मामाला ऐन चाळिशीत हृदयविकाराचा झटका आला होता काय, हे पत्रिका जुळविताना कोणी विचारीत नाही. निदान गर्भधारणेपूर्वी वैद्याने तरी विचारावे. या दोषावरील स्टॅटिन औषधे गर्भारपणात बहुतेकींना थांबवावी लागतात. पूर्वी ती सरसकट निषिद्ध होती. २०२१ साली अमेरिकेच्या औषध-नियामक खात्याने तो सरसकट निषेध काढावयास सांगितला, तो अतिशय धोक्यात असलेल्या थोड्या स्त्रियांसाठी. दिवस गेल्याचे कळण्याआधी गोळ्या घेतल्या गेल्या, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. वैद्यास मात्र लगेच सांगावे. कोलेस्टिरामीन हे औषध आतड्यातून रक्तात शिरत नाही, म्हणून ते देता येते. परंतु जीवनसत्त्वांच्या शोषणात ते अडथळा आणते, हे ध्यानात ठेवावे लागते.

ट्रायग्लिसराइडे हजाराच्या वर गेली, तर स्वादुपिंडास सूज येण्याचे भय असते. तेथे स्निग्ध आहार कडकपणे कमी करणे योग्यच. इतर स्त्रियांनी फेरतपासणी करावी ती बाळंतपणानंतर काही आठवडे जाऊ देऊन.