हमिंग आणि तिसरी पिन

दिवाळी सरली, धान खळ्यावर आले, की आपल्या भंडारा जिल्ह्यात मंडयांचे दिवस सुरू होतात. लाखांदूर, साकोली, लाखनी या भागांत दिवसा मंडई आणि दंडार, रात्री नाटक, असा बेत गावोगाव असतो. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे या झाडीपट्टी रंगभूमीचे मोठे केंद्र. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, हे तुम्ही वाचले असेलच. मला मात्र आज रंगमंचावरच्या कलावंतांबद्दल नव्हे, तर मंडपाच्या कडेला मांडलेल्या त्या टेबलाबद्दल बोलायचे आहे, ज्यावर मिक्सर आणि ॲम्प्लिफायर ठेवलेले असतात.

नांदी सुरू होण्याआधी कर्ण्यातून येणारा ‘घूंऽऽ’ असा आवाज तुम्ही ऐकला असेल. यालाच हमिंग म्हणतात. आपल्याकडील प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाची वारंवारता ५० हर्ट्‌झ असते; तोच हा स्वर. यावर एक घरगुती इलाज सर्रास केला जातो. ॲम्प्लिफायरच्या प्लगची जाड, तिसरी पिन काढून टाकायची किंवा हिरवी तार कापायची. आवाज थांबतो! इलाज लागू पडतो म्हणूनच तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. माझे स्पष्ट मत असे, की ही कारागिरी नसून जिवाशी खेळ आहे, आणि ती थांबवण्याचे काम भौतिकीच्या वर्गात झाले पाहिजे.

आवाज थांबतो तरी का? समजा, मिक्सर रंगमंचाजवळच्या बोर्डावर आणि ॲम्प्लिफायर दूरच्या दुसऱ्या बोर्डावर लावला आहे. दोन्ही ठिकाणचे अर्थिंग वेगळे, त्यामुळे त्यांच्यात थोडेसे विभवांतर असते. दोन्ही यंत्रांना जोडणाऱ्या केबलची जाळी हे दोन अर्थ एकमेकांना जोडते, मंडल पूर्ण होते आणि जाळीतून ५० हर्ट्‌झचा प्रवाह वाहू लागतो. साध्या केबलमध्ये ही जाळीच आवाजाच्या संकेताचा परतीचा मार्गही असते. साहजिकच गुणगुण संकेतात मिसळते. पिन तोडली की मंडल तुटते. इथपर्यंत भौतिकी अगदी बरोबर आहे.

पण ती पिन काय गुणगुण करण्यासाठी बसवलेली असते? ती इतर दोन पिनांपेक्षा लांब असते, म्हणजे प्लग लावताना अर्थ सर्वांत आधी जोडला जातो आणि काढताना सर्वांत शेवटी सुटतो. आतली फेजची तार सुटून पत्र्याच्या पेटीला टेकली, तर मोठा प्रवाह अर्थिंगमधून जाऊन फ्यूज उडावा, अशी ती योजना आहे. सर्वच यंत्रांच्या पिना तोडल्या असतील, तर फ्यूज उडत नाही. पेटीवर २३० व्होल्ट येतात, केबलच्या जाळीतून ते माईकच्या धातूच्या टोपीपर्यंत पोचतात, आणि तो माईक हातात घेणारा नट दवाने भिजलेल्या बांधीत अनवाणी उभा असतो. ओल्या शरीराचा रोध १००० ओहम धरला, तर प्रवाह किती? ओहमचा नियम लावा : २३० मिलिॲम्पिअर. माणसाच्या रक्षणासाठी बसवायचा आर.सी.सी.बी. ३० मिलिॲम्पिअरलाच वीज तोडतो, यावरून काय ते ओळखा. एकट्या ॲम्प्लिफायरचीच पिन तोडली असेल, तर बिघाडाचा सारा प्रवाह केबलच्या नाजूक जाळीवर येतो. ती जळाली, की पेटीला हात लावणारा साउंडवाला धोक्यात.

मग गुणगुण सहन करायची? मुळीच नाही. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत डझनावारी माईक असतात, प्रत्येक यंत्राला अर्थिंग असते, तरी तेथे शांतता असते. तेथील युक्ती वजाबाकीची आहे. माईकच्या तीन पिनांच्या केबलमध्ये जाळीच्या आत एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा असतात. एकीवर संकेत +१ मिलिव्होल्ट, तर त्याच क्षणी दुसरीवर –१. वाटेत बाहेरून ५ मिलिव्होल्टची गुणगुण घुसली, तर ती दोन्ही तारांवर सारखीच बसते : ६ आणि ४. मिक्सर एकीतून दुसरी वजा करतो. उरतात २ मिलिव्होल्ट, निव्वळ संकेत! जाळीतून प्रवाह वाहिला तरी संकेताचा मार्ग वेगळाच असतो. पीळ दिलेल्या या जोडतारेचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोनसाठी १८८१ मध्येच घेतले होते. याच वजाबाकीवर आणखी एक गंमत आधारलेली आहे. कंडेन्सर माईकला लागणारे ४८ व्होल्ट मिक्सर त्याच दोन तारांवरून, ६८०० ओहमच्या दोन समान रोधकांमधून पाठवतो. दोन्हींवर व्होल्टता सारखीच, म्हणजे फरक शून्य, म्हणून संकेताला त्याचा पत्ताही लागत नाही.

तेव्हा ध्वनीची सर्व यंत्रे एकाच बोर्डावर, एकाच अर्थिंगवर घ्यावीत, दिव्यांचे डिमर वेगळ्या लाइनवर ठेवावेत, आणि मिक्सरपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची केबलही जोडतारेची वापरावी. ते जमत नसेल, तर मध्ये संकेताचा छोटा ट्रान्सफॉर्मर बसवावा. चुंबकीय क्षेत्र आवाज पुढे नेते आणि तारांचा संबंध तुटतो. तोडायचेच असेल तर संकेताचे मंडल तोडा, विजेचे अर्थिंग नव्हे. जनरेटरवर कार्यक्रम असेल, तर त्याचा न्यूट्रल अर्थला जोडलेला आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. नाहीतर तिसरी पिन शाबूत असूनही फ्यूज उडणार नाही.

शिक्षकांना एक विनंती. अर्थिंगची आकृती आपण फळ्यावर काढतो आणि दोन गुण देऊन मोकळे होतो. त्याऐवजी शाळेचा ध्वनिवर्धक संच एकदा टेबलावर घ्या. प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढलेला असू द्या. मल्टिमीटर ओहमवर लावून एक टोक प्लगच्या जाड पिनेला आणि दुसरे पेटीच्या रंग नसलेल्या स्क्रूला टेकवा. चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या यंत्राला अर्थची जोडणी मुळातच नसते, ते वगळा. बाकी संचांत काटा जवळजवळ शून्यावर यायला हवा. आला नाही, तर दुरुस्ती होईपर्यंत तो संच प्रार्थनेलाही लावू नका.